शेवटच्या वळणानंतर

[पडद्यावर: डोंगरउतारावरचा हिरवागार ट्रॅक. एकामागे एक दोन लाल गाड्या.]

१२ मे २००२. ऑस्ट्रियातलं श्पीलबर्ग, ए-वन रिंग. फॉर्म्युला वनची एकाहत्तर फेऱ्यांची शर्यत, आणि ही शेवटची फेरी. पुढची गाडी रुबेन्स बारिकेलोची, मागची मायकेल शूमाकरची. दोन्ही फेरारी. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, बारिकेलोने घेतली होती, शर्यतही त्यानेच हातात ठेवली आहे.

शेवटचं वळण झालं. आता पुढच्या गाडीकडे बघा.

[निवेदन नाही. पुढची गाडी मंदावते, मागची बाजूने निघून जाते. झेंडा.]

०.१८२ सेकंद. एवढ्या फरकाने शूमाकर जिंकला.

गाडी बिघडली नव्हती, टायरही फुटला नव्हता. शेवटच्या काही फेऱ्या बारिकेलोच्या कानात रेडिओ चालू होता. संघप्रमुख जाँ तोद यांचा हुकूम होता, मायकेलला पुढे जाऊ दे.

[पडद्यावर: सेपांग, १९९९. ट्रॅकच्या कडेची माडांची झाडं, लाल गाड्या.]

फेरारीला गुणांची एवढी धास्ती का होती, हे कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं. १९७९ नंतर ड्रायव्हरचं विजेतेपद या संघाकडे आलंच नव्हतं. १९९७ला ते शेवटच्या शर्यतीत निसटलं, ९८ला पुन्हा शेवटच्याच शर्यतीत. १९९९चं हे मलेशिया. सिल्व्हरस्टोनला पाय मोडलेला शूमाकर नुकताच परतलाय, सगळ्यांपेक्षा वेगवान आहे, आणि तरी सहकारी एडी अर्व्हाइनला वाट करून देतोय. त्याचं स्वतःचं विजेतेपद केव्हाच हातचं गेलंय. यानंतर एकच शर्यत उरणार आहे आणि अर्व्हाइनला एकेक गुण हवाय. शूमाकरने त्या दिवशी हुकूम पाळला, आणि योग्यच केलं. ही गाडी एकटा ड्रायव्हर घडवत नाही, कारखान्यातल्या शेकडो माणसांचे हात तिला लागलेले असतात. त्यांच्यासाठी एक विजय मागायचा हक्क संघाला आहे. अर्व्हाइन तरीही दोन गुणांनी हरला. मॅक्लारेन संघाचा हाकिनेन ७६, अर्व्हाइन ७४. ते दोन गुण फेरारीच्या मनातून गेले नाहीत.

पण ऑस्ट्रियाची ही शर्यत सतरातली सहावी होती. आधीच्या पाचातल्या चार शूमाकरने जिंकल्या होत्या. त्याचे गुण ४४, मागे विल्यम्स संघाचा मोंतोया २३वर.

आणि बारिकेलोचे ६.

[पडद्यावर: मेलबर्नची सुरुवात, धूर, हवेत उडालेली गाडी.]

मेलबर्नला पहिल्याच वळणावर अपघात. मलेशियात इंजिन गेलं. ब्राझीलमध्ये, स्वतःच्या माणसांसमोर, पुढे असताना गाडी बंद पडली. बार्सिलोनाला तर शर्यत सुरू होण्याआधीच गिअरबॉक्सने दगा दिला. श्पीलबर्गला मात्र सगळं जुळून आलं होतं.

हा माणूस हुकूम मोडणाऱ्यांतला नव्हता. वर्षापूर्वी याच ट्रॅकवर, शेवटच्याच फेरीत, त्याने शूमाकरसाठी दुसरं स्थान सोडलं होतं.

[पडद्यावर: शेवटचं वळण, संथ गतीत.]

ही जागा पुन्हा बघा. वाट करून द्यायची तर मागे अख्खा डोंगर होता. वर चढावर, कुठल्याही वळणावर गाडी थोडी बाहेर गेली असती तर चूक म्हणून खपून गेलं असतं. त्याने तसं केलं नाही. गाडी सोडली ती इथे, मुख्य स्टँडसमोर, झेंड्यापासून काही मीटरवर. आम्हाला तरी यात दुबळेपणा दिसत नाही. जे घेतलं जात होतं, ते त्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घेऊ दिलं.

या हुकमाने शूमाकरला चार गुण जास्त मिळाले. जुलैतच तो जगज्जेता झाला, आणि वर्षअखेर ६७ गुणांनी पुढे होता. दुसऱ्या क्रमांकावर बारिकेलोच. पोडियमचे नियम मोडले म्हणून दहा लाख डॉलर दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. पुढच्या हंगामापासून असल्या हुकमांवर बंदी आली, २०११ला ती उठलीही.

[पडद्यावर: पोडियम. स्टँडमधून हुर्यो, आवाज वाढत जातो.]

शूमाकर बारिकेलोला वरच्या पायरीवर ढकलतो. राष्ट्रगीत जर्मनीचं वाजतंय. वर उभा आहे तो ब्राझीलचा ड्रायव्हर.

[निवेदन नाही. हुर्यो चालूच. काळा पडदा.]