प्रभातचा कारखाना आणि जत्रेतला तंबू
(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय 'प्रभात फिल्म कंपनी का बंद पडली?' उत्तर देणार आहेच, पण ते शेवटी. आधी तंबूत जाऊ, कारण या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी प्रभात पाहिली ती तंबूत. आपल्या वऱ्हाडातली बहिरमची जत्रा, थंडीचे दिवस, एका बाजूला रोडगे भाजले जाताहेत, हंडी शिजतेय, आणि पलीकडे कनात लावून टुरिंग टॉकीज. पुण्यातल्या कंपनीचा माल शेवटी इथे उतरायचा. माल कसा होता हे कारखान्याच्या फाटकापेक्षा शेवटच्या गिऱ्हाइकाकडे जास्त कळतं. कापूसवाल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

प्रभातबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक पाच भागीदारांचं मैत्र, मग बिनसणं, मग कोण कुठे गेलं, असं असतं. ते खरंच आहे. पण माझं म्हणणं असं की प्रभात हा आधी एक कारखाना होता. सुतारकाम, रंगकाम, कपडेपट, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रण, संकलन, सगळं एका आवारात, आणि नटापासून सुतारापर्यंत माणूस महिन्याच्या पगारावर. प्रभात मोठी झाली ती याच रचनेमुळे, आणि बसली तीही याच रचनेमुळे. माझा मुद्दा एवढाच.

१ जून १९२९ला कोल्हापुरात कंपनी सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, आणि भांडवलाला सीताराम कुलकर्णी. पहिले चौघं बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. बाबूराव असे, की कॅमेरा मिळेना तर त्यांनी तो कोल्हापुरात घडवला. त्यांच्या हाताखाली 'हे माझं काम नाही' हा शब्दच नव्हता. पडदा रंगवायचा, खांब उभा करायचा, फिल्म धुवायची, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभं राहायचं. दामले-फत्तेलाल ही चित्रकलेतून आलेली जोडी, आणि तेच दामले बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापुढे बसले. ६ फेब्रुवारी १९३२ला 'अयोध्येचा राजा' लागला, मराठीतला पहिला बोलपट. हिंदी आवृत्तीही त्याच मांडणीवर काढलेली: सेट तोच, दिवे तेच, मराठीत दृश्य घ्यायचं आणि लगेच हिंदीत. सेटचा खर्च एकदाच, बाजार दोन. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड तर दोन्ही भाषांचा, त्यामुळे या दुहेरी मालाचं मोल आपल्याला चटकन कळेल.

आता तंबू. ३५ मिलिमीटरची फिल्म बोलपटात सेकंदाला २४ चौकटी चालते. मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. सव्वादोन तासांच्या 'संत तुकाराम'ची रिळं डझनभर, डब्यांसकट वजन तीस-पस्तीस किलो. त्या काळी शहरातल्या थेटरात दोन यंत्रं असायची. एकावरचं रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं यंत्र चालू करायचं, दुसऱ्याला पडद्यावर आणायचं. तंबूत यंत्र एकच. ठिपका आला, गेला, आणि मग पांढरा पडदा. पुढचं रीळ चढेपर्यंत शिट्ट्या. म्हणून तंबूतला तुकाराम बारा भागांत वैकुंठाला जायचा, आणि प्रत्येक भागाच्या मध्ये शेंगा विकणारा फिरून जायचा!

वीज नव्हती. ऑइल इंजिन आणि डायनामो. इथे बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने विहिरीवर इंजिन चालवलंय, त्यामुळे पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळेल. इंजिन जवळ ठेवलं तर त्याच्या धडधडीत संवाद बुडतात. लांब ठेवलं तर तार लांब, आणि बारीक तारेत विजेचा दाब कमी होतो. मोटार जशी धापा टाकते तसं यंत्र मंदावतं. बोलपटात मंदावणं म्हणजे नुसतं चित्र हळू होणं नाही. आवाज त्याच पट्टीवर छापलेला असतो, चित्राच्या शेजारी, अरुंद पट्ट्यात. वेग २४वरून साडेबावीस चौकटींवर आला की गाण्याचा सूर जवळजवळ अर्ध्या सुराने उतरतो. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा अभंग तंबूत जड लागला तर गळ्याला दोष देऊ नका, इंजिनाचा पट्टा घसरत असेल. म्हणून इंजिन वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बांधाआड ठेवायचं आणि तार जाड वापरायची.

उजेड कार्बनचा. दोन कांड्या, मध्ये बोटाच्या पेराहून कमी फट, त्यात ठिणगीचा सतत जाळ. कांड्या जळत जातात, तसतशा ऑपरेटरने हाताने पुढे सरकवायच्या. फट वाढली की पडद्यावर जांभळट छटा येते आणि उजेड फडफडून विझतो. फट फार कमी झाली की कांड्या फसफसतात आणि चित्र अंधारतं. म्हणजे प्रेक्षक जिजाई रडताना रडत होते तेव्हा ऑपरेटर काळ्या काचेतून कांडीच्या टोकाकडे बघत बसलेला असायचा.

आणि फिल्म तुटायची. इथे जरा थांबतो, कारण हाताचं खरं काम हे आहे. फिल्म गेटमध्ये, म्हणजे उजेडापुढच्या खिडकीत, एका चौकटीला क्षणभर थांबते, मग ओढली जाते, पुन्हा थांबते. पण आवाज वाचणाऱ्या भागात तिने संथ, अखंड सरकायला हवं. म्हणून दोन्हींच्या मध्ये फिल्मचा सैल वेढा ठेवतात, त्याला लूप म्हणतात. लूप आखूड झाला की झटका छिद्रांवर येतो आणि छिद्रं फाटतात. एका चौकटीला चार छिद्रं. तुटल्याबरोबर हात आधी फिल्मकडे नाही, झडपेकडे गेला पाहिजे, उजेड अडवायला. कार्बनच्या जाळापुढे थांबलेली नायट्रेट फिल्म काही क्षणांत पेट घेते. मग फाटका भाग कापायचा, चौकटींच्या बरोबर मधल्या रेषेवर. एका टोकावरचा चित्राचा थर ओल्या पात्याने खरवडून काढायचा, कारण फिल्मचा सिमेंट, म्हणजे ती चिकटवायचा द्रव, त्या थराला धरत नाही, खालच्या पारदर्शक पट्टीलाच धरतो. सिमेंट लावायचा, दुसरं टोक त्यावर दाबायचं, वाळेपर्यंत हलवायचं नाही. घाईत थर नीट खरवडला नाही तर जोड पुढच्या खेळाला सुटणार. कापताना एका छिद्राची चूक झाली तर पडद्यावर राजाचे पाय वर आणि मुकुट खाली.

एक बारकावा सांगतो, तो ऐकण्यासारखा आहे. आवाज वाचण्याची जागा गेटच्या २० चौकटी पुढे असते. त्यामुळे जोड आधी गेटमधून जातो, चित्र उडी मारतं, आणि पाऊण सेकंदाहून किंचित उशिराने 'टप्' असा आवाज येतो. आधी डोळ्याला ठेच, मग कानाला. जुनी प्रिंट चालू असली तर डोळे मिटूनही जोड मोजता येतात. प्रत्येक जोडात एक-दोन चौकटी जातात. पन्नास ठिकाणी तुटलेल्या प्रिंटमधून दोन ते चार सेकंद गेली, आणि ती नेमकी गर्दी जिथे 'वन्स मोअर' म्हणून रीळ मागे फिरवायला लावायची तिथली. लोकांना जे सर्वांत आवडलं तेच सर्वांत आधी झिजलं. वर काळ्या मातीची धूळ आणि कापसाचा फुफाटा. ते गेटमध्ये अडकून उभ्या रेघा ओढतात, ज्याला आपण 'पाऊस' म्हणायचो. रेघ आवाजाच्या पट्ट्यावर पडली की खरखर. मग मागून आरोळी, "आवाज नाही येऊन राह्यला!"

एवढ्या छळातून गेलेली प्रभातची प्रिंट तरी उभी का राहायची? कारण ती घरच्या प्रयोगशाळेत धुतलेली. चित्राची निगेटिव्ह आणि आवाजाची निगेटिव्ह वेगवेगळी धुवावी लागते. दोघींना लागणारा काळेपणा सारखा नसतो. धुण्याचं रसायन ६५ ते ६८ अंश फॅरनहाइटला ठेवायचं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याहून गरम, म्हणजे थंड करण्याची सोय हवी, आणि रात्रभर थर्मामीटर बघत बसणारा माणूस हवा. रसायन तापलं की थर मऊ पडून सुरकुततो. असा माणूस रोजंदारीवर मिळत नाही, तो पगारावर ठेवावा लागतो. दिग्दर्शकाने सकाळी घेतलेलं दृश्य धुऊन पाहायचं, आवाज फसला असेल तर सेट मोडायच्या आत पुन्हा घ्यायचं, ही चैन एका छपराखालीच होते.

उलटा पुरावाही प्रभातनेच देऊन ठेवलाय. १९३३ची 'सैरंध्री'. रंगीत करायची म्हणून धुणं-छापणं जर्मनीत. दोन रंगांची बायपॅक पद्धत, म्हणजे प्रिंटच्या एका बाजूला निळसर रंग, दुसऱ्या बाजूला तांबूस, दोन्ही मिळून चित्र. दोन थर केसभर सरकले किंवा एक रंग गडद झाला की चेहरा चेहरा राहत नाही. रंग बिघडले. कोल्हापुरात असतं तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. जर्मनीतून कळेपर्यंत सेट मोडलेले, पैसा अडकलेला. भारतीय रंगीत चित्रपटाचा पहिला मान त्यामुळे १९३७च्या 'किसान कन्या'कडे गेला. ज्या एका चित्रपटाचं धुणं छपराबाहेर गेलं तोच फसला, यावर प्रभातच्या इतिहासात अजून पुरेसं बोललं गेलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

'कुंकू' १९३७चा. त्यात पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरचं घड्याळ, भांडी, घरातले आवाज, एवढ्यावर प्रसंग उभे. ध्वनिमुद्रकावर एवढा भरवसा टाकायला तो रोज तुमच्याच आवारात असावा लागतो. आणि तीच शांतता तंबूत इंजिन खाऊन टाकायचं, याचं मला फार वाईट वाटतं. गावाने 'कुंकू' पाहिला, पण पुरता ऐकला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर आता फळ्यावरचा प्रश्न.

१९३३ला कंपनी पुण्यात आली. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'माणूस', 'संत ज्ञानेश्वर', 'शेजारी' हे सगळं १९३४ ते १९४१ या आठ वर्षांतलं. 'तुकाराम'ची १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. याच काळात पगारी रचनेला तडे दिसू लागले. शांता आपटे यांनी १९३९मध्ये करारावरून स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषण केलं. तो एका अभिनेत्रीचा हट्ट नव्हता. पगार महिन्याचा आणि नाव देशभर, हे गणित नटांना पटेनासं झालं होतं. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ला शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत परळला स्वतःचा राजकमल स्टुडिओ उभा केला.

तेवढ्यात युद्ध. कच्ची फिल्म परदेशातून येणारी, सरकारने तिच्यावर नियंत्रण आणलं, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली. हिशेब करा: ९० फुटांनी भागलं की दोन तास दोन मिनिटं. 'तुकाराम' त्यात बसत नाही. आणि एकाच सेटवर दोन भाषांत घ्यायचं तर कच्ची फिल्म दुप्पट, जी मिळत नाही. म्हणजे सेटच्या खर्चात वाचवणारी युक्ती आता फिल्मच्या टंचाईत अडली. दुसरीकडे युद्धात कमावलेला रोख पैसा चित्रपटात शिरला. स्टुडिओ भाड्याने घ्या, नटाला एका चित्रपटाचे वर्षभराच्या पगाराहून जास्त द्या, काम संपलं की सगळ्यांना नमस्कार. अशा निर्मात्याला फिल्म मिळेपर्यंत खर्च शून्य. प्रभातला मात्र कॅमेरा बंद असला तरी पहिल्या तारखेला सुतार, रंगारी, धुणारे, शिंपी सगळ्यांचा पगार. जिनिंग वर्षभर चालू ठेवायची आणि कापूस तीनच महिने, तर जे होईल तेच.

१९४४चा 'रामशास्त्री' अजून त्या जुन्या हाताचा आहे. १९४५ला दामले वारले. भागीदारांचं बिनसणं कारण नव्हतं असं मी म्हणत नाही. भागीदार एकत्र राहिले असते तरी पगारपत्रक तेवढंच राहिलं असतं, एवढंच म्हणतो. १९५३च्या सुमारास कंपनी मिटली, आणि १९६०ला त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली.

चित्रपटांचं काय झालं ते घाईत सांगतो. नायट्रेट फिल्म सडते: आधी चित्र पिवळट-तपकिरी, उग्र वास, मग रीळ चिकट होतं, मधासारखा फेस येतो, मग दगड, मग भुकटी. सडलेलं रीळ बरेच दिवस चाळिशीपलीकडच्या गरमीत राहिलं तर आपोआप पेटू शकतं, आणि जळताना स्वतःच प्राणवायू सोडत असल्याने पाण्याने विझत नाही. झिजलेल्या प्रिंटा चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या, सेल्युलॉइडच्या बांगड्या झाल्या. जानेवारी २००३मध्ये पुण्यात, त्या जुन्या आवारातल्याच नायट्रेटच्या कोठाराला आग लागली.

तंबूवाल्यांची घरं या भागात होती, म्हणून हे शेवटचं. कुणाच्या माळ्यावर, टिनाच्या छपराखाली पत्र्याचा गोल डबा असेल तर तो मे महिन्याच्या आधी खाली उतरवा. दिव्याजवळ, चुलीजवळ उघडू नका. फिल्मच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' (म्हणजे सहज न पेटणारी) छापलेलं असतं, ते दिवसाउजेडी वाचा. चिकटलेलं रीळ जोर लावून उलगडू नका. सावलीत, हवेशीर, घरापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डबा गंजलेला आहे म्हणून भंगारात देऊ नका.