नव्या ले-आउटमधलं पाणी

नागपूरच्या दक्षिणेला बेसा-बेलतरोडीचा पट्टा. शेतं गेली, ले-आउट पडले, त्यावर इमारती उठल्या. बांधकामाची परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देतं. नाल्या आणि कचरा ग्रामपंचायतीकडे, नाहीतर नगरपंचायतीकडे. तापाचं सर्वेक्षण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. पुढच्या चौकानंतर महापालिकेची हद्द, तिथला कर्मचारी वेगळा. डेंग्यूचा डास ही हद्द पाळत नाही.

खरी अडचण मात्र यादीची आहे. सपाट भागात निकष असा: हजार लोकांमागे एक आशा, पाच हजारांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. ही लोकसंख्या धरायची २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्या त्या आकड्यात नाहीत. म्हणून नव्या वस्तीतलं पहिलं काम फवारणीचं नाही. वीजमीटर आणि घरकराची नोंद जुळवून घरांची यादी करायची, तीही मृगाच्या आधी.

पावसाळ्यात दर आठवड्याला कंटेनर सर्वेक्षण, म्हणजे घरोघरी पाणी साठलेल्या भांड्यांत डासांच्या अळ्या शोधायच्या. हातात टॉर्च. भांड्यावर सावली पडली की अळ्या तळाशी जातात, म्हणून मिनिटभर थांबून बघायचं. समजा, शंभर घरं तपासली, आठ घरांत अळ्या सापडल्या आणि त्या घरांत मिळून चौदा भांडी दूषित निघाली. गृह निर्देशांक, म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली घरं, आठ. ब्रेटू निर्देशांक, म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी, चौदा. गृह निर्देशांक दहाच्या वर किंवा ब्रेटू पन्नासच्या वर गेला, तर धोका मोठा. आकडा फसवतो तो बंद घरांमुळे. दोघंही नोकरीला, दाराला कुलूप. अशी घरं ‘तपासली’ म्हणून लिहिली की निर्देशांक कागदावर आपोआप उतरतो. त्यांच्यासाठी रविवारची फेरी लागतेच.

आता हा कुलर. नागपुरात तो जूनमध्ये बंद होतो, पण खिडकीतून निघत नाही. टाकीत उरलेलं पाणी, वरून पावसाची भर. एडिस, म्हणजे डेंग्यूचा डास, अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेलगत ओल्या भिंतीला चिकटवतो. ही अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणजे नुसती टाकी उपडी करून भागत नाही. आतून घासणीनं घासायची, बाजूच्या गवताच्या ताट्या काढून जाळायच्या किंवा कडक उन्हात वाळवायच्या. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचा ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा, तो या हिशेबानं.

टँकरचं पाणी साठवणारे ड्रम रिकामे करा म्हणणं सोपं, ऐकणार कोण? तिथे झाकणाखाली घट्ट कापड, आणि टेमिफॉस हे अळ्या मारणारं औषध. ५० टक्के तीव्रतेचं औषध हजार लिटरला दोन मिली. दोनशे लिटरच्या ड्रमला जेमतेम ०.४ मिली. दारात उभं राहून एवढं मोजता येत नाही, म्हणून आधी पातळ द्रावण करून घ्यावं लागतं. अंदाजानं ओतलं की पाण्याला वास येतो आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही.

तक्रारी मात्र जास्त येतात रिकाम्या प्लॉटच्या. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, डबकं महिनोन्‌महिने राहतं. पण त्या घाण पाण्यात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा डास. नागपूर जिल्हा त्या रोगाच्या पट्ट्यात आहे, तेव्हा नाली काढणं आणि व्हेंट पाइपला जाळी बांधणं हेही हवंच. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा घरातच असतो.

ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी, त्यानंतर आयजीएम ही प्रतिपिंडांची. दोन्ही एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं. दवाखान्यातली झटपट पट्टी पॉझिटिव्ह आली तरी तो रुग्ण ‘संशयित’च, रक्तजल (सीरम) नमुना मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांकडे जातो. अहवालाची वाट न बघता आजूबाजूची पन्नास घरं तपासायची. हा डास फार लांब उडत नाही, पण रस्ता ओलांडतो. पलीकडे महापालिका असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवायचं.

रस्त्यावरून धूर सोडणारी गाडी लोकांना आवडते. एडिस दिवसा चावतो आणि पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो. तिथे तो धूर पोचत नाही. घराच्या आत पायरेथ्रम या डास मारणाऱ्या औषधाची फवारणी करावी लागते, एक भाग औषध आणि एकोणीस भाग रॉकेल. आठव्या दिवशी त्याच घरांचा निर्देशांक पुन्हा काढायचा. तो उतरला नसेल, तर आणखी औषध मागवण्याआधी बंद घरांची यादी तपासा.