पडद्यावरच्या या पीकवर, म्हणजे उंचवट्यावर, विश्वास ठेवायचा का?

(दृश्य: अंधेरी एमआयडीसी. सकाळ, पाऊस. औद्योगिक इमारतीचा जिना.)

जुलै महिना. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात औषधं तपासायला शिकवणारा हा वर्ग भरतो. ओल्या छत्र्या बाहेर बादलीत, अंगात पांढरे कोट. आत एसीच्या जोडीला हवेतली ओल खेचणारं यंत्रही चालू आहे. बाकांवर नुकतीच एम.एस्सी. झालेली मुलं आहेत, आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून शिफ्ट बदलून आलेले क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणारे, केमिस्टही.

एचपीएलसी, जीसीएमएस, एलसीएमएस ही नमुन्यातले पदार्थ वेगळे करून मोजणारी यंत्रं शिकायची म्हणून ही मंडळी आलीत. पण पहिला दिवस जातो वजनकाट्यापाशी.

(दृश्य: काट्याची काच, स्पॅट्युला, अंकांची पट्टी.)

ज्याच्याशी गोळीतलं औषध ताडून पाहायचं त्या शुद्ध नमुन्याची, म्हणजे रेफरन्स स्टँडर्डची, दहा मिलिग्रॅम पूड तोलायची आहे. स्पॅट्युलाच्या टोकावर मावेल एवढीच. मुलीनं ती अलगद टाकली, काच सरकवली. आकडा थांबेचना. शेवटचा अंक एकेक करत वर चढतोय.

"मॅडम, काटा बिघडलाय का?"

"काटा ठीक आहे गं. तुझी पूड हवेतलं पाणी ओढून घेतेय. आधी बाटलीचं झाकण लाव."

त्या दहा मिलिग्रॅममध्ये अर्धा मिलिग्रॅम पाणी शिरलं असेल आणि ते हिशेबात धरलं नाही, तर ज्या गोळीत औषध ९५ टक्केच आहे ती अहवालात शंभर टक्के भरते. पुढचं यंत्र कितीही महागाचं असो, त्याला ही चूक दिसत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हे शिकवावंच लागतं, आणि ते काट्यापाशी उभं राहूनच शिकता येतं.

(दृश्य: पंप, इंजेक्टर, कॉलम. पडद्यावर सरळ बेसलाइन.)

एचपीएलसीचं काम मिसळलेले पदार्थ वेगळे करण्याचं. पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्टीलची नळी, आत पाच मायक्रॉनचे सिलिकाचे कण, त्यांच्यावर अठरा कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या. हा सी-१८ कॉलम. त्यातून पंप द्रव ढकलत राहतो. दादरच्या फुलबाजारातून दोघं एकाच वेळी निघाले, एक सरळ चालत सुटला आणि दुसरा प्रत्येक टोपलीपाशी थांबत गेला, तर स्टेशनला आधी कोण पोचणार हे सांगायला नको. कॉलममध्ये रेणूंचं हेच होतं. ज्याला त्या साखळ्यांचा लळा जास्त, तो उशिरा बाहेर पडतो. बाहेर पडताना पडद्यावर जो उंचवटा उमटतो, तो पीक. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून पानांतले रंग असेच वेगळे केले होते. तत्त्व तेच राहिलं. बदलली ती कणांची बारीकी आणि दाब.

हाताचं काम मात्र अजून हाताचंच आहे. बफरचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा, पीएच मिथेनॉल मिसळायच्या आधी मोजायचा. द्रव ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा, त्यातली हवा काढायची. नाहीतर पंपात बुडबुडा अडकतो आणि दाबाचा आकडा नाचायला लागतो. मग पर्ज वाल्व उघडा, बुडबुडा घालवा, पुन्हा सुरुवात.

(दृश्य: जवळून. बोटांनी फिरवायचं फिटिंग, टिश्यू पेपर.)

हा मुलगा पहिल्यांदाच स्वतः कॉलम जोडतोय. नळी शेवटपर्यंत टेकवायची, टेकलेली धरून ठेवायची आणि मगच फिटिंग आवळायचं. त्यानं आवळलं, टिश्यू लावून पाहिला. कोरडा. गळती नाही, म्हणून तो खूश. पण पहिल्याच इंजेक्शनला पीक दुभंगलेला आला. नळी जेमतेम मिलिमीटरभर मागे राहिली होती. त्या पोकळीत नमुना घोटाळला आणि एका पदार्थाचे दोन असल्यासारखे दिसले. सरांनी उत्तर सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "कॉलमला दोष द्यायच्या आधी तू काय काय बदललंस, ते वहीत लिही." मुलानं लिहिलं, आणि लिहिता लिहिताच त्याचा हात फिटिंगकडे गेला.

असं शिकायला वेळ लागतो. म्हणूनच दोन दिवसांत पन्नास जणांना प्रमाणपत्रं वाटणाऱ्या कोर्सांबद्दल आम्हांला मनापासून वाईट वाटतं. पोरं उसनवारी करून फी भरतात आणि त्यांच्या वाट्याला येतो तो प्रोजेक्टरवरचा कॉलम.

(दृश्य: ट्रॉम्बे, माटुंगा, बाहेरून.)

या शहरात ही विद्या नवी नाही. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे आपली जुनी यूडीसीटी, १९३३ पासून उद्योगाला रसायनतज्ज्ञ देत आली आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकं मोजण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारी यंत्रं, नुसते वापरले गेले नाहीत, ते तिथं बांधलेही गेले.

(दृश्य: एलसीएमएस. नायट्रोजनची शिट्टी, व्हॅक्यूमचा आकडा.)

आता मास स्पेक्ट्रोमीटर. कॉलममधून आलेला द्रव इथं विजेच्या दाबाखाली सूक्ष्म तुषार होऊन उडतो, नायट्रोजन त्याला सुकवतो आणि भार चढलेले रेणू निर्वात पोकळीत शिरतात. तिथं वस्तुमानाप्रमाणे त्यांची निवड होते. एचपीएलसीवर वर्षानुवर्षं फॉस्फेट बफर वापरलेल्या केमिस्टला ही सवय इथं सोडावी लागते, कारण फॉस्फेट उडून जात नाही. ते सोर्सवर, म्हणजे रेणूंना भार चढतो त्या भागावर, पांढरं साचत जातं. इथं फॉर्मिक ॲसिड किंवा अमोनियम फॉर्मेट चालतं.

शेजारच्या जीसीएमएसचा सोर्स काल साफ करायला उघडला होता. रात्रभर पंप चालू. आज सकाळी पडद्यावर तीन वस्तुमानांचे आकडे बघायचे: १८, २८ आणि ३२. म्हणजे पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन. २८ आणि ३२ हवेतल्या प्रमाणातच वर दिसले, तर कुठूनतरी हवा शिरतेय. आज ते दोन्ही खाली आहेत, पण १८ अजून उंच. पावसाळी हवेत उघडलेलं यंत्र पाणी सहजी सोडत नाही. मॅडमनी आजचे नमुने थांबवले. घाई कुणी केली नाही.

(दृश्य: फळा. दोन आकडे.)

दुपारचं सत्र एनडीएमएचं. २०१८ च्या जुलैत युरोपात रक्तदाबाच्या वलसार्टन गोळ्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. त्यांत ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली होती. तिची दिवसाची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. नेहमीच्या एचपीएलसी चाचणीत तिचा मागमूसही दिसत नाही.

पुढच्या वर्षी पाळी रॅनिटिडिनची. ॲसिडिटीची ही गोळी कितीतरी घरांत असायची. अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेनं जीसीएमएसवर तीत एनडीएमएचे प्रचंड आकडे दाखवले. अमेरिकी एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, तपासलं तेव्हा कळलं की त्या पद्धतीतल्या उष्णतेनं रॅनिटिडिनच फुटत होतं आणि एनडीएमए चाचणीतच तयार होत होतं. मग नमुना न तापवता एलसीएमएसवर पाहिलं. आकडे खूप खाली आले, पण शून्य झाले नाहीत. आणि साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, अशुद्धी वाढत जाते हेही दिसलं. एप्रिल २०२० मध्ये एफडीएनं हे औषध बाजारातून काढायला सांगितलं. आपल्याकडे २०२२ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून गेलं.

तारापूरहून आलेल्या केमिस्टनं विचारलं, "सर, म्हणजे पहिली लॅब चूक की बरोबर?"

सर थोडं थांबले. "आकडा चूक. शंका बरोबर."

फळ्यावरचे दोन आकडे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या प्रकरणातले आहेत. ७५.०५५३ हा प्रोटॉन चढलेल्या एनडीएमएच्या वस्तुमानाचा. ७५.०५७१ हा डीएमएफ या साध्या द्रावकाचा, त्यातला नायट्रोजन जड असेल तेव्हाचा. फरक दशांशाच्या तिसऱ्या घरात. दोन्ही कॉलममधून जवळजवळ एकत्र बाहेर पडले आणि यंत्र तेवढं बारीक पाहणारं नसलं, तर द्रावकाची भर एनडीएमएच्या खात्यावर पडते. २०२० मध्ये एफडीएच्या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच दाखवून दिलं. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्या माणसासाठी हा तिसरा दशांश फार मोठा असतो.

(दृश्य: संगणक. बेसलाइनची रेघ, माउस.)

शेवटचं सत्र इंटिग्रेशनचं, म्हणजे पीकच्या क्षेत्रफळावरून पदार्थ किती ते ठरवण्याचं. पीकच्या पायाची रेघ माउसनं किंचित वर ओढली की क्षेत्रफळ कमी होतं आणि नापास अशुद्धी पास होते. दोन सेकंदांचं काम. अधिकृत रनआधी "ट्रायल इंजेक्शन" मारून बघायचं आणि नकोशी फाइल पुसायची, या सवयींपायी आपल्या देशातल्या अनेक औषध कारखान्यांना अमेरिकी एफडीएची इशारापत्रं आली आहेत. इथं नियम साधा आहे. पहिलं इंजेक्शनसुद्धा नोंदीत राहतं. रेघ हलवली तर कारण लिहायचं, आणि कारण लिहिता येत नसेल तर रेघ जिथं होती तिथं. ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी काय बदललं याची यंत्रातली नोंद, उघडून मुलं एकमेकांचं काम तपासतात. सुरुवातीला अवघडतात. दुपार उतरेपर्यंत वाद रंगलेला असतो.

हे पाहून तुम्हांला असं प्रशिक्षण घ्यावंसं वाटलं, तर फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. एका यंत्रामागे किती जण असतील? कॉलम मी स्वतः जोडणार का? सोर्स उघडून साफ करताना मला जवळ उभं करणार का? आणि माझा रन फसला, तर तो पुन्हा करायला वेळ मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला सरळ "हो" आलं, तरच नाव नोंदवा.