‘नॉर्मल’ लिहिलेली फाइल

[सिरिंज, अगदी जवळून]

शिशाच्या आवरणातली ही सिरिंज सकाळी आठला खोलीत आली. आत टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं औषध आहे. दर 6 तासांनी त्याची ताकद निम्मी होते. म्हणून भिंतीवर हा तक्ता: आठ वाजता इतके मिलिलिटर, दहा वाजता इतके, बाराला त्याहून जास्त.

खाटेवरच्या तरुणाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलेत, हातातल्या सुईला सिरिंज जोडलीय. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या मुद्दाम कमी केल्यात. खोलीतले सगळे त्याला फिट येण्याची वाट पाहताहेत, तो स्वतःसुद्धा. आज तिसरा दिवस.

[फाइल, पानं उलटणारा हात]

त्याच्या फाइलमध्ये एमआरआयचे दोन रिपोर्ट आहेत. दोन्हींचा शेवट एकाच शब्दाने होतो: नॉर्मल.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अपस्मार असलेल्या साधारण तिघांतल्या एकाचं असं होतं. खरं तर तेव्हाच शस्त्रक्रियेची चर्चा सुरू व्हायला हवी. पण ‘नॉर्मल’ वाचून ती अनेकदा सुरूच होत नाही. आमचं भांडण आहे ते या शब्दाशी.

[एमआरआय यंत्र, सरकणारं टेबल]

डोक्याचा नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव, पक्षाघात यांच्या शोधात असतो. त्याचे काप बहुधा 5 मिलिमीटरच्या आसपास जाड, मधे थोडी जागा सोडून घेतलेले. मेंदूचं बाह्यक, म्हणजे वरचा राखाडी थर, जेमतेम 2 ते 4 मिलिमीटरचा. त्यातला बारीक दोष दोन कापांच्या मधे सहज निसटतो. म्हणून अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये वेगळी पद्धत सुचवली: 1 मिलिमीटरचे काप, मधे जागा न सोडता, आणि एक मालिका हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या मेंदूच्या आतल्या भागाला, काटकोनात कापणारी.

हिप्पोकॅम्पस तो हा. ग्रीक भाषेत समुद्रघोडा. डावा आणि उजवा शेजारी ठेवून पाहा: हे चित्र दुसऱ्या एका रुग्णाचं, त्याचा डावा आक्रसलेला, उजव्यापेक्षा पांढुरका. बघायला शिकलेल्या डोळ्याला हे पटकन दिसतं, न शिकलेल्याला शेवटपर्यंत नाही.

आपल्या तरुणाचे दोन्ही समुद्रघोडे मात्र धडधाकट निघाले.

[पेट स्कॅन, रंगीत पट्टे]

मग पेट स्कॅन. किरणोत्सारी साखर टोचायची आणि मेंदूचा कुठला भाग ती कमी खातो ते पाहायचं. गंमत अशी की फिटच्या वेळी भडकणारी जागा एरवी सुस्त असते, इथे ती मंद दिसते. याच्या उजव्या कपाळामागचा भाग मंद दिसला, पण ऐसपैस. एवढं सगळं कापणार कसं?

म्हणून ही सिरिंज.

[घड्याळ. मग ईईजीचा पडदा. संगीत बंद.]

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या, रेषा दाटल्या. नर्सने दट्ट्या दाबला, वेळ मोठ्याने सांगितली.

इथे सेकंद मोजतात. फिट मेंदूत पसरत जाते. औषध उशिरा टोचलं तर फिट पोचली कुठे हे कळेल, निघाली कुठून हे नाही. औषध रक्ताबरोबर धावतं, फिट पेटलेल्या जागी रक्त जास्त जातं, म्हणून तिथे ते जास्त अडकतं आणि अडकलेलं तिथेच राहतं. त्यामुळे फिट थांबल्यावर, माणूस शांत झाल्यावर, तासाभराने स्पेक्ट स्कॅन, म्हणजे हे औषध कुठे साठलंय ते टिपणारा स्कॅन, काढला तरी छायाचित्र त्या क्षणाचंच मिळतं.

[संगणक, दोन चित्रं एकमेकांवर सरकताना]

फिट नसलेल्या दिवशी असाच दुसरा स्कॅन. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, उरेल ते एमआरआयवर ठेवायचं. उरला हा ठिपका.

बोलण्याची आणि हालचालीची केंद्रं ठिपक्यापासून किती दूर आहेत, ते फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदू काम करताना काढलेला एमआरआय, सांगतो. काही जणांच्या मेंदूत त्याआधी बारीक इलेक्ट्रोडही घालावे लागतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या 80 रुग्णांच्या चाचणीत शंखखंडाच्या, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने 58 टक्के जणांच्या भान हरपवणाऱ्या फिट थांबलेल्या होत्या, नुसत्या औषधांवर 8 टक्क्यांच्या. मेंदूच्या इतर भागांत यश यापेक्षा कमी मिळतं.

[जुना एमआरआय]

रेडिओलॉजिस्टने जुना एमआरआय पुन्हा उघडलाय. ठिपका दाखवतो त्याच वळीवर ते थांबतात, चित्र मोठं करतात. राखाडी आणि पांढऱ्या भागातली सीमा बाकी सगळीकडे रेखीव आहे. इथे, नखाएवढ्या जागेत, पुसट.

पहिल्या रिपोर्टच्या दिवशीही ती तशीच होती.