दार कोणी लावलं?

[दृश्य: समुद्रात नांगर टाकून उभी असलेली तेलवाहू जहाजं. फक्त वाऱ्याचा आवाज.]

२० एप्रिल २०२०. अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदे बाजारातला भाव त्या दिवशी पिंपामागे उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. उणे! म्हणजे विकणाराच घेणाऱ्याला विनवत होता, वर पैसे देतो, पण हे तेल घेऊन जा. साठवायला टाक्यांत जागा नव्हती, कारण ते जाळायला रस्त्यावर गाड्या नव्हत्या आणि आकाशात विमानं नव्हती.

या गाड्या कोणी थांबवल्या? सरकारी आदेशानं, हे उत्तर चटकन तोंडावर येतं. कोरोनाकाळातल्या टाळेबंदीवर इतकी वर्षं जे भांडण चालू आहे, त्यातले दोन्ही पक्ष हेच उत्तर धरून भांडतात. एक म्हणतो, आदेशानं जीव वाचले. दुसरा म्हणतो, आदेशानं धंदे बुडाले. पण आदेशाचा वाटा वेगळा काढून मोजायला बसलं, की आकडे दोघांचीही पंचाईत करतात.

[दृश्य: वुहानचं ओस रेल्वे स्थानक. मग इटलीतले रिकामे चौक.]

२३ जानेवारी २०२० ला वुहान बंद झालं. एक कोटीहून जास्त वस्तीचं शहर. हे चीनलाच जमू शकतं, असं तेव्हा बाकीचं जग म्हणालं. ९ मार्चला इटलीनं अख्खा देश बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १६ मार्चला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून साथरोगतज्ज्ञ नील फर्ग्युसन यांच्या गटाचा अहवाल आला : काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यू. आठवडाभरात ब्रिटनही बंद झाला.

त्या अहवालातलं ‘काहीच केलं नाही तर’ पुढच्या हमरीतुमरीत कुठल्या कुठे गळून पडलं. एवढी माणसं मेली नाहीत, म्हणजे भाकीत खोटं, असं कोणी म्हणालं. एवढी मेली नाहीत, म्हणजे टाळेबंदीनंच वाचवली, असं दुसरं कोणी. पण काहीच न करणारा देश जगात कुठे होता? सरकार गप्प बसलं तरी माणसं गप्प बसत नाहीत. ती घाबरतात. आपापल्या घराची कडी आतून लावून घेतात.

ही आतून लावलेली कडी मोजता येते का? एका ठिकाणी ती संधी आपसूक मिळाली.

[दृश्य: ओरेसुंडचा पूल, आकाशातून. एका टोकाला डेन्मार्क, दुसऱ्या टोकाला स्वीडन.]

पुलाच्या या टोकाला डेन्मार्क. तिथं ११ मार्चला टाळेबंदीची घोषणा झाली. त्या टोकाला स्वीडन. तिथले मुख्य साथरोगतज्ज्ञ अँडर्स टेग्नेल यांनी वेगळी वाट धरली. दुकानं उघडी, उपाहारगृहं उघडी, नववीपर्यंतच्या शाळा उघड्या. (स्वीडननं काहीच केलं नाही, ही मात्र दंतकथा आहे. पन्नासहून जास्त लोकांच्या जमावाला बंदी होती, वरचे वर्ग आणि विद्यापीठं घरून चालू होती.) दोन्ही समाज सारखे, दोन्ही श्रीमंत, साथही जवळपास एकाच वेळी आलेली. फरक आदेशाचा.

दोन्ही देशांत ग्राहक असलेल्या एका बँकेचे व्यवहार कोपनहेगनच्या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. बंद डेन्मार्कमध्ये लोकांचा खर्च साधारण २९ टक्क्यांनी घटला होता. उघड्या स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी. म्हणजे आदेशाच्या नावावर चार टक्के. बाकीचे पंचवीस विषाणूच्या.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला या सगळ्या वादातली सगळ्यात बोलकी वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसांचा खर्च उघड्या स्वीडनमध्ये जास्त घटला, बंद डेन्मार्कमध्ये कमी. दुकान उघडं ठेवल्यानं म्हातारी माणसं बाहेर पडली नाहीत. रस्त्यावरची गर्दी कमी झाली, तिथं पडली. तरुणांचं मात्र उलट. त्यांना भीती कमी होती, म्हणून त्यांचा हात आदेशानंच आखडला.

अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून तेच पाहिलं. एकाच परिसरातल्या, पण वेगवेगळ्या हद्दीतल्या दुकानांची तुलना केली. ग्राहकांची वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती. त्या साठातले जेमतेम सात आदेशामुळे.

मग टाळेबंदी जवळजवळ फुकटात पडली, असं म्हणायचं का? थांबा. हे आकडे श्रीमंत देशांचे आहेत, सुरुवातीच्या काही आठवड्यांचे आहेत, आणि सरासरी आहेत. ज्याचं पोट महिन्याच्या पगारावर आहे आणि ज्याचं आजच्या मजुरीवर, ते दोघं सरासरीत शेजारी शेजारी बसतात. टाळेबंदीत त्यांची घरं फार लांब होती.

[दृश्य: पेरूची राजधानी लिमा. टेकडीच्या उतारावरची दाट वस्ती. खाली बाजार.]

पेरू हा देश या वादात दोन्ही पक्षांना नकोसा आहे. १६ मार्च २०२० लाच तिथं कडक टाळेबंदी लागू झाली, अनेक युरोपीय देशांच्याही आधी. रात्रीची संचारबंदी, रस्त्यावर लष्कर. तरी २०२० मध्ये पेरूची अर्थव्यवस्था ११ टक्क्यांनी आकसली. आणि मे २०२१ मध्ये सरकारनं मृतांची मोजणी सुधारली, तेव्हा आकडा सुमारे ६९ हजारांवरून थेट १ लाख ८० हजारांच्या पुढे गेला. लोकसंख्येच्या मानानं जगात सर्वाधिक. जीवही गेले, जीविकाही गेली.

का? इथं थोडं रेंगाळायला हवं.

दहातले सात कामगार असंघटित. आज काम नाही तर आज पैसा नाही. निम्म्याहून जास्त घरांत फ्रिज नव्हता. आठवड्याचं सामान एकदम आणून ठेवा, असं टीव्हीवरून सांगणं सोपं असतं. फ्रिज नसलेल्या घराला एक-दोन दिवसांआड बाजारात जावंच लागतं. म्हणजे जी जागा टाळायची, तिथंच आदेश माणसाला ढकलत होता. सरकारनं मदत जाहीर केली, चांगली घसघशीत. पण बऱ्याच लोकांचं बँकेत खातंच नव्हतं. मग ते पैसे घ्यायला बँकांपुढे रांगा लागल्या, खांद्याला खांदा लावून.

एप्रिलमध्ये तर नियम निघाला की पुरुषांनी काही दिवस बाहेर पडायचं, बायकांनी काही दिवस. घरचा बाजार कोण करतं, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं बहुधा. बायकांच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा उरेना. आठवड्याभरात नियम मागे घ्यावा लागला.

भारतात २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता अंमल सुरू झाला. मधे चार तास. महामार्गांवरून गावाकडे चालत निघालेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. घरात थांबा, हा आदेश त्यांना लागू पडत नव्हता, कारण शहरातलं त्यांचं घर त्यांच्या कामाला बांधलेलं होतं.

याउलट ब्रिटननं घरी बसलेल्या कामगारांचा ८० टक्के पगार सरकारी तिजोरीतून दिला, ठरावीक मर्यादेपर्यंत. जर्मनीकडे ‘कुर्त्सआर्बाइट’ ही जुनी व्यवस्था तयारच होती : कामाचे तास कमी करायचे, माणूस काढायचा नाही, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यानं भरायचा. अमेरिकेनं थेट लोकांच्या हातात पैसे दिले, पण नोकऱ्या तुटू दिल्या. एप्रिल २०२० मध्ये तिथली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली, जर्मनीत ती सातच्या आतच राहिली. टाळेबंदी हा एकच शब्द, पण घरोघरी त्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो बहुतेक वेळा आदेशाच्या कागदावर लिहिलेलाच नव्हता.

[दृश्य: ऑक्टोबर २०२०. कागदावर सह्या करणारे हात.]

४ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन गावातून एक जाहीरनामा निघाला. लिहिणारे तिघे : स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य, ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता, हार्वर्डचे मार्टिन कुलडॉर्फ. म्हातारे आणि आजारी जपा, बाकीच्यांना मोकळं सोडा. उत्तरादाखल दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये निवेदन छापलं : बेसुमार पसरणारी साथ समाजाच्या काही भागापुरतीच रोखून धरणार कशी? प्रश्न रास्त होता, आणि त्याचं नीट उत्तर जाहीरनाम्यात नव्हतं.

पण उत्तर मागण्याऐवजी भलतंच सुरू झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सहकाऱ्यांना ईमेल लिहून या तिघांची बोळवण मुख्य प्रवाहाबाहेरचे म्हणून केली आणि त्यांच्या म्हणण्याचा लवकरात लवकर फडशा पाडणारा लेख हवा, असं सुचवलं. ते पत्र पुढे उघड झालं. २०२३ मध्ये याच कॉलिन्स यांनी मोकळेपणानं कबूल केलं, की आम्ही रोग थांबवण्याला अमर्याद मोल दिलं आणि विस्कटलेल्या आयुष्यांना, बुडालेल्या शाळांना शून्य. दोन वर्षांनी त्यांच्या त्याच खुर्चीवर जय भट्टाचार्य बसले.

आणि जीव किती वाचले? जून २०२० मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासानं सांगितलं, अकरा युरोपीय देशांत ३१ लाख. जानेवारी २०२२ मध्ये हर्बी, जोनुंग आणि हँके या अर्थशास्त्रज्ञांच्या आढाव्यानं सांगितलं, २०२० च्या वसंतातल्या टाळेबंदीनं मृत्यू सरासरी ०.२ टक्क्यांनी घटले, म्हणजे जवळपास नाहीच. दोन्हीकडचे लोक आपापला आकडा झेंड्यासारखा मिरवतात. पहिल्या अभ्यासानं माणसांनी स्वतःहून लावलेली कडीही आदेशाच्या खात्यात जमा केली, असा आक्षेप आहे. दुसऱ्यानं कुठल्याही एका सक्तीला टाळेबंदी म्हटलं, असा. दोन्ही आक्षेपांत दम आहे.

[दृश्य: वर्ग. बाकांवर धूळ. फळ्यावर अर्धवट पुसलेली तारीख.]

एका दारापुढे मात्र हा ‘आदेश की भीती’चा हिशेब लागू पडत नाही. शाळेच्या.

मुलांना या रोगाचा धोका सगळ्यात कमी होता. शाळा बंद झाल्या त्या आदेशानंच. एप्रिल २०२० मध्ये, युनेस्कोच्या मोजणीनुसार, दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी होते. पहिल्या काही आठवड्यांत ते समजण्यासारखं होतं, तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हतं. पण डेन्मार्कनं लहान मुलांचे वर्ग १५ एप्रिललाच उघडले. त्यातून आकाश कोसळलं नाही, हे बाकीच्या जगाला दिसत होतं. तरीही कितीतरी ठिकाणी आधी मद्यालयं उघडली आणि मग शाळा. मद्यालयाच्या मालकाला मंत्र्याकडे जाता येतं. सात वर्षांच्या मुलाला जाता येत नाही.

युगांडानं मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या. त्या पुरत्या उघडायला १० जानेवारी २०२२ उजाडलं. त्या सकाळी गणवेश आखूड झालेली मुलं फाटकातून आत आली. काही जण आलेच नाहीत, ते कामाला लागले होते. काही मुली आई झाल्या होत्या. आणि काही खासगी शाळांची दारं उघडलीच नाहीत, कारण तोवर त्या शाळाच उरल्या नव्हत्या.

[दृश्य: बंद फाटक. पलीकडे मैदान. शेवटपर्यंत तेच.]