सूर्य कशाचा बनलाय? सेसिलिया पेनचं न पटलेलं उत्तर

सूर्यात सगळ्यात जास्त काय आहे? हायड्रोजन. आज शाळेतलं पोरही सांगेल. पण शंभर वर्षांपूर्वी भलेभले खगोलशास्त्रज्ञ मानत होते की सूर्य आणि पृथ्वी साधारण एकाच मालमसाल्याचे. सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फाकवला की दिसणाऱ्या पट्ट्यात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रेषा उमटवतं. त्यात लोखंड आणि कॅल्शियमच्या रेषा ठसठशीत दिसतात, मग शंका कशाला घ्यायची?

ती घेतली सेसिलिया पेनने. जन्म १९००, इंग्लंडचा. शिकली केंब्रिजला, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. शिका, परीक्षा द्या आणि घरी जा! तिने १९२३ मध्ये सरळ अमेरिका गाठली, हार्वर्डची वेधशाळा.

तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचेच्या प्लेटा खच्चून भरलेल्या. आता नीट ऐका, खरी गंमत इथे आहे. कुठल्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचं समीकरण आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं होतं. पेनने तेच या प्लेटांना लावलं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअसचा. एवढ्या तापमानाला डोळ्यांना दिसणारी रेषा उमटवू शकतील असे हायड्रोजनचे अणू अगदी नगण्य, बाकी सगळे गप्प बसलेले. तरीही रेषा दिसतेच आहे! मग एकूण हायड्रोजन असेल तरी किती? तिचं गणित म्हणालं, धातूंच्या सुमारे दहा लाख पट.

प्रबंध गेला प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे. त्या क्षेत्रातलं बडं प्रस्थ. ते म्हणाले, हे शक्यच नाही. झालं! १९२५ च्या प्रबंधात तिने लिहून टाकलं की हे आकडे ‘जवळजवळ नक्कीच खरे नाहीत’. स्वतःच्याच शोधाबद्दल!

रसेलना अगदी खलनायक करू नका हं. १९२९ मध्ये वेगळ्या वाटेने ते त्याच उत्तरावर पोचले आणि लेखात तिच्या कामाचा उल्लेखही केला. मला जास्त चीड येते ती हार्वर्डची. ती तिथे शिकवायची, पण १९४५ पर्यंत तिचे वर्ग विद्यापीठाच्या यादीतच नव्हते. पगार निघायचा उपकरणांच्या खर्चातून, म्हणजे बाई दुर्बिणीच्या खात्यात! पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९५६ मध्ये, आणि मग विभागप्रमुखपदही.

१९७६ मध्ये अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला आपला मोठा सन्मान दिला. त्याचं नाव काय, ठाऊक आहे? हेन्री नॉरिस रसेल पुरस्कार.