‘दुर्बोध’चा शिक्का

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

वेंगुर्ल्याहून लेकीकडे आलेल्या निवृत्त मराठीच्या मास्तराला चार शब्द बोलायला उभे केले, की तो आंबे, मासे आणि पाऊस यांवर बोलणार, असा तुमचा अंदाज असेल. तो चुकवल्याबद्दल क्षमा असावी. मला आज कठीण कादंबऱ्यांविषयी आणि आपली मोठी वृत्तपत्रे त्यांना कशी वागवतात याविषयी बोलायचे आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात रविवारच्या पुरवण्या एका लांब टेबलावर पसरलेल्या असतात. त्यांतली पुस्तकांची जागा वर्षानुवर्षे आकसत गेलेली मी पाहिली आहे. बहुतेक पुस्तकांच्या वाट्याला आता ‘साभार पोच’ येते, म्हणजे नाव, लेखक, प्रकाशक, पाने आणि किंमत. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही; ती निदान खरे तेवढेच सांगते. तक्रार आहे ती अडीचशे शब्दांच्या त्या परीक्षणाबद्दल, जे अर्धी जागा मलपृष्ठावरच्या मजकुरात घालवते आणि शेवटी ‘सामान्य वाचकाला ही कादंबरी दुर्बोध वाटण्याची शक्यता आहे’ असे लिहून मोकळे होते. हा सामान्य वाचक कोण, हे कधी सांगितले जात नाही. परीक्षक स्वतः कुठे अडला, हेही नाही.

तुमच्या या देशातले, ब्रिटनमधले, उदाहरण घेतो. २०१८ साली ॲना बर्न्स यांच्या ‘मिल्कमन’ या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा बातम्यांत तिच्या कठीणपणाचीच चर्चा अधिक झाली. निवड समितीचे अध्यक्ष क्वामे अँथनी अपिया म्हणाले की ती कठीण आहे ती वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर चालत चढणे कठीण असते तशी, आणि माथ्यावरून दिसणारे दृश्य पाहता ते श्रम कारणी लागतात. वाक्य चांगले होते आणि ते सगळीकडे छापून आले. पण त्यामुळे एक गोष्ट निसटली. चढण किती आहे हे सगळ्यांनी सांगितले. वाट कुठून जाते हे फार थोड्यांनी.

त्या कादंबरीत माणसांना नावे नाहीत. निवेदक मुलगी म्हणजे ‘मधली बहीण’, तिचा मित्र म्हणजे ‘बहुधा-प्रियकर’, आणि शहर उत्तर आयर्लंडमधले असून त्याचेही नाव घेतलेले नाही. समीक्षकांना हा प्रयोग वाटला. मला मात्र दुसऱ्याच पानावर आमची वाडी आठवली. आमच्याकडे अजूनही ‘मधली काकी’, ‘वरच्या घराकडली’ अशीच माणसे ओळखली जातात. आणि दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, ‘लांबडां’ म्हणतात किंवा नुसते ‘जनावर’ म्हणतात, कारण नाव घेतले की ते येते. जिथे भीती असते तिथे नावे गळतात, हे कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला समजावून द्यावे लागत नाही. ही मुलगी चालता चालता पुस्तक वाचते, एवढ्यावरून तिच्या भोवतीचे लोक तिच्याकडे संशयाने पाहतात. तेही आम्हाला नवे नाही. हे सारे अडीचशे शब्दांत सांगता आले असते, म्हणून शब्दमर्यादेची सबब मला पुरती पटत नाही.

लांब वाक्याचेही तसेच. संपादक म्हणतात, वाचकाला लांब वाक्य झेपत नाही. त्यांनी एकदा आमच्या देवळात गाऱ्हाणे ऐकावे. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात होते आणि मग बारा-पाचाच्या देवांना, वाडवडिलांना, घडलेल्या चुकांना, आजारी पोराला, मुंबईतल्या चाकरमान्याला आणि न झालेल्या लग्नाला पोटात घेत ते एकच वाक्य कितीतरी वेळ चालते. समोरची मंडळी योग्य जागी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि कोणाचाही धागा सुटत नाही. दशावताराचेही तेच. त्याला लेखी संहिता नसते, राजा आणि राक्षस रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात, पौराणिक कथेत मध्येच गावचे राजकारण शिरते, आणि पहाटेपर्यंत बसलेला प्रेक्षक त्यातले पुराण कुठले नि टोमणा कुठला हे अचूक ओळखतो. हीच माणसे सकाळी ‘सामान्य वाचक’ होतात. (थोडी झोप अनावर झालेली असते, एवढे मान्य करतो.)

कोकणातल्या लेखकाच्या बाबतीत तर आणखी एक पळवाट असते. चिं. त्र्यं. खानोलकर काही काळ कुडाळला खाणावळ चालवत होते. त्यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी १९६६ साली आली. कोंडुरा हे आमच्या किनाऱ्यावरचे खरे ठिकाण आहे. पण खानोलकरांनी तिथून उचलले ते माणसाच्या मनातले भय, पाप आणि दैवी वरदानाची दहशत. अशा लेखनाविषयी आजही ‘लाल मातीचा गंध’ आणि ‘निसर्गाचे विलोभनीय चित्रण’ वाचायला मिळते. जे अवघड आहे त्याला दुर्बोध म्हणायची सोय नसली, की त्याला प्रादेशिक म्हणायचे.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे आहे असेही नाही. विल्यम गॅडिस यांची साडेनऊशेहून अधिक पानांची पहिली कादंबरी १९५५ साली अमेरिकेत आली आणि परीक्षकांनी तिची वासलात लावली. १९६२ साली जॅक ग्रीन या टोपणनावाच्या गृहस्थाने तिची पंचावन्न परीक्षणे समोर ठेवून कोणी पुस्तक पुरते वाचले नाही, कोणी चुकीचे तपशील दिले, कोणी वेष्टनावरचा मजकूर उचलला, याचा पंचनामाच छापला. त्याचा सूर फार तिखट होता. मी त्या पंचावन्नांपैकी नाही, असे मात्र छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

कारण मीही हे केले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी एका नव्या कादंबरीचे परीक्षण मला चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात द्यायचे होते. घरात गणपतीवरची माटवी बांधायची होती, मुंबईची माणसे आली होती. मी साठ पाने वाचली आणि उरलेली चाळली. कालाचा क्रम मला लागत नव्हता, म्हणून मी लिहिले की लेखकाला तो सांभाळता आलेला नाही. परीक्षण छापून आले, मानधन आले, गावात दोघा-तिघांनी अभिनंदनही केले.

निवृत्तीनंतर ती कादंबरी मी वाचनालयातून आणून पुरी वाचली. कालाचा क्रम एकशे दहाव्या पानावर लागतो, आणि तो लागतो तेव्हा मागची सगळी पाने पुन्हा उलटावीशी वाटतात. ग्रंथपालांनी माझ्या परीक्षणाचे कात्रण कौतुकाने मुखपृष्ठाच्या आत चिकटवले होते. समोरच्या कोऱ्या पानावर देवघेवीच्या तारखांचा कागद होता. त्यावर कात्रणाच्या आधीचे चार शिक्के होते आणि नंतरचा पहिला शिक्का माझाच. मी ते कात्रण काढायला बसलो, पण खळ पक्की होती. शीर्षक तेवढे निघाले. मजकूर अजून तिथेच आहे.